अजून ओल आहे

१

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं याबद्दल सल्ला देणारे बहुतेक लोक अजून नोकरीत असतात. मला कुणी व्यायाम सुचवला, कुणी आत्मचरित्र. पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कचं आत्मचरित्र म्हणजे लोकांच्या नळाला पाणी का आलं नाही याचे खुलासे, आणि ते माझे नोकरीत असतानाच लिहून झाले होते. शेवटी तोडगा बायकोने काढला. मी दिवसभर घरात बसून फडताळातले डबे कसे लावावेत हे तिला शिकवू लागलो होतो, त्यामुळे तिला जरा घाई होती. तिने भाचीला सांगितलं, "तुझ्या मामाला ने बाई कुठेतरी. तुझ्या बियांसारखा पाकिटात घालून ठेवलास तरी माझी हरकत नाही."

भाचीला आम्ही घरात भिंगरी म्हणतो. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा ही शाळेत होती. तेव्हापासून आमच्याकडेच वाढली. एका जागी बसणं तिला कधी जमलं नाही. जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, फोटो काढताना तर हमखास उठायची, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या फोटोंत तिच्या जागी एक पुसट पट्टा आहे. अशी मुलगी पुढे जिथे वस्तू वर्षानुवर्षं हलत नाहीत अशा ठिकाणी नोकरीला लागली, हा आमच्या घरातला कायमचा विनोद होता. आता तो कुणी करत नाही.

ते ठिकाण म्हणजे बियाण्यांची बँक. आता फारसं कुणी लावत नाही अशा जुन्या वाणांचं बी तिथे जपून ठेवतात. भाचीकडे मिरचीचा विभाग होता. मिरची हिरवी असते आणि मग लाल होते, एवढंच मला ठाऊक. तिथे काळ्या मिरच्या होत्या, पिवळ्या होत्या, मण्याएवढ्या होत्या, आभाळाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या होत्या. नावंही एकेक: उलटी, शेपटी, सासूबाई, ओठफाडी. कामाची पद्धत मात्र सगळ्यांना सारखी. साठवलेलं बी म्हातारं होऊन उगवेनासं झालं की उरलंसुरलं जाळीच्या घरात लावायचं. जाळी अशासाठी, की मधमाशीने शेजारच्या झाडावरून येऊन भेसळ करू नये. मिरच्या पिकल्या की चिरून बी काढायचं, वाळवण्याच्या खोलीत सुकवायचं, चकचकीत पाकिटात हवाबंद करायचं आणि शीतखोलीत ठेवून द्यायचं. प्रत्येक वाणाची दोन पाकिटं. एक इथे, दुसरं लांबच्या एका बँकेत. इथे आग लागली, पूर आला, तरी तिथलं राहावं म्हणून. हे मला फार आवडलं. कार्यालयीन प्रतीचं महत्त्व समजणारी माणसं जगात अजून शिल्लक होती.

माझं काम सोपं होतं. पाकिटांवर नाव आणि क्रमांक घालायचा, आणि दुसरी पाकिटं पेटी भरली की रवाना करायची. अक्षर वळणदार असल्याचा आयुष्यात झालेला हा पहिला फायदा.

"बी जितकं कोरडं तितकं जास्त जगतं, मामा," भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं. "ओल म्हणजे मरण."

पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे जरा लागलं. 

२

वाळवण्याची खोली माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे होती. तिला खिडकी नाही. एक जाड दार, त्यात वहीच्या पानाएवढी काच. आत लोखंडी मांडण्या, त्यांवर जाळीचे ट्रे, ट्रेमध्ये बी. एक यंत्र अखंड चालू असे. ते हवेतली ओल ओढून घेई आणि ती ओल एका नळीतून बाहेर, माझ्या टेबलाजवळ ठेवलेल्या बादलीत ठिबके. आत गेलं की ओठ ताणल्यासारखे होत, डोळे चुरचुरत, आणि मिरचीच्या बियांचा अंगभूत तिखट दर्प नाकात जाऊन ठसका लागे. त्या इमारतीत ठसक्यावरून माणूस ओळखू येत असे. साहेबांचा लांबलचक आणि अधिकारयुक्त, भाचीचा तुटक, यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रीचा शिवीत संपणारा.

त्या हंगामात ओठफाडीची पाळी होती. मिरच्यांच्या पहिल्या तोड्याचं बी मी येण्याच्या सुमारास वाळून तयार झालं होतं. नवीन माणसाला शिकवायला म्हणून भाचीने त्यातून दुसरं पाकीट, म्हणजे लांबच्या बँकेचं, माझ्याच हातून बंद करून घेतलं. पेटी भरायला अजून पुष्कळ अवकाश होता, म्हणून ते माझ्या खणात राहिलं. दुसऱ्या तोड्याचं बी आत ट्रेमध्ये होतं. ते वाळलं की इथलं पाकीट होणार होतं.

आवाज पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत ऐकला. सगळे डबे घेऊन बाहेर झाडाखाली गेले होते आणि मी टेबलावरच खात होतो. भिंतीपलीकडे काहीतरी तुटलं. फार बारीक. नख कापताना येतो तसा आवाज.

कट.

मग शांतता. एखादी गोष्ट पारखून बघायला लागते तेवढी. मग पुन्हा, कट असं व्हायच्या ऐवजी, काहीच नाही. मग पुन्हा एकदा, कट.

मी उठून काचेतून पाहिलं. मांडण्या होत्या, ट्रे होते.

मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, पत्रा आकसतो. मला पटलं. पटवून घेण्याची सवय मला खात्यानेच लावली आहे. पण पुढच्या दिवसांत माझ्या लक्षात आलं, की हा पत्रा फक्त जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी झाल्यावरच आकसतो. ऑफिसातल्या कोणत्याही वस्तूने सुट्टीच्या वेळात काम केल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

३

एके सकाळी भाचीने मला आत बोलावलं. ओठफाडीचा ट्रे तिने उजेडाखाली घेतला होता. मिरचीचं बी चपटं, पिवळसर, नखाच्या कपच्यासारखं. ट्रेच्या एका कोपऱ्यात काही बिया अर्ध्या तुटलेल्या होत्या. विखुरलेल्या नाहीत. एका बाजूला, चाळून नको ते काढून ठेवावं तशा, छोटीशी रास करून.

"मामा, खरं सांग. तू चावून बघतोस का?"

मी तिला माझी कवळी दाखवली. म्हटलं, या दातांनी मला बिस्कीटसुद्धा बुडवून खावं लागतं. उंदीर असेल. ती म्हणाली, या खोलीत मुंगीलासुद्धा परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि उंदीर आले तरी ते तुकडे पाडून ठेवत नाहीत, खातात.

मग ती ट्रेपाशी न हलता उभी राहिली. हे तिच्यासाठी नवीनच.

"चावून बघायची म्हणजे ती म्हातारी बघायची," ती म्हणाली.

ओठफाडीचं बी आणायला नोकरीत नवी असताना तीच गेली होती. लांबच्या गावात एक म्हातारी, बरोबर कुणी नाही. अंगणात फडक्यावर बी पसरून बसली होती. एकेक उचलायची, पुढच्या दातांत धरायची. बी वाळलं असेल तर कट्कन तुटतं, ओल असेल तर वाकतं. काही तुटत, काही वाकत, आणि एक जरी वाकलं तरी म्हातारी मान हलवायची. सगळं वाळल्याशिवाय हलवायचं नाही म्हणायची.

"अजून ओल आहे, अजून ओल आहे, एवढंच," भाची म्हणाली. "बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं आजी, आमच्याकडे यंत्र आहे, आम्ही वाळवू. तिने काही दिलं नाही. मीच मूठभर उचललं."

"आणि ती?"

"बघत बसली. माझ्या हाताकडे."

पुढच्या वर्षी पुन्हा गेली तेव्हा घराला कुलूप होतं. आजूबाजूला चौकशी केली, ओठफाडी कुणाकडेच राहिली नव्हती. "आता जगात ती फक्त आपल्याकडे आहे, मामा," असं म्हणत तिने ट्रे मांडणीवर सरकवला, आणि तुटलेल्या बियांची रास तशीच राहू दिली. 

४

ओल मोजायचं एक छोटं यंत्र होतं. मूठभर बी त्यात टाकायचं, झाकण लावायचं, आकडा दिसतो. ओठफाडीचा आकडा पाहिजे तिथे आला. मी पाकीट लिहून तयार ठेवलं. भाचीने आकडा पाहिला, एक बी उचललं आणि दातांत धरलं.

मला ऐकू आलं नाही, कारण काही तुटलंच नाही.

"अजून ओल आहे," ती म्हणाली.

मी यंत्राकडे बोट केलं. ती म्हणाली, यंत्र वरवरचं सांगतं. जी मुलगी कपडे वाळलेत की नाही हे कधी हात लावून बघत नसे, ती आता रोज सकाळी आल्या आल्या आत जाई, आणि भिंतीतून मला एकाऐवजी दोन आवाज येऊ लागले. एक तिचा. मी स्वतःला सांगितलं की दुसराही तिचाच. माणूस एक बी डाव्या दाढेखाली चावतो, एक उजव्या. दात वेगळे, आवाज वेगळा. असं तर्कशास्त्र मी पूर्वी अर्जांवर वापरत असे, आणि अर्जदार मुकाट्याने घरी जात.

ती आत जास्त वेळ राहू लागली. साहेबांना बरं वाटलं. मुलगी कामसू आहे म्हणाले. तिचे ओठ फुटले. आधी कोपऱ्यांत, मग मध्यभागी. बोटांच्या पेरांवर पांढरी रेघ दिसू लागली, कोरड्या मातीवर दिसते तशी. ठसका मात्र तिला लागेनासा झाला. मी आत गेलो की खोकून बेजार व्हायचो आणि ती शांत बसलेली असायची.

बसलेली. हे मला आधी खटकायला हवं होतं.

बादलीचा विषय मिस्त्रीने काढला. मी रोज संध्याकाळी ती मोरीत ओतत असे, तळाला जेमतेम पाणी असायचं. आता दुपारीच ओतावी लागत होती. मिस्त्री कमरेवर हात ठेवून नळीकडे बघत राहिला. म्हणाला, "आत सगळं वाळून खडखडीत झालंय, बाहेरची हवा शिरत नाही. मग हे पाणी येतंय कुठून?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा, यंत्र तुमचं.

"यंत्र फक्त काढून घेतं, साहेब. आत असेल तेच काढतं." मग त्याने काचेतून आत पाहिलं. भाची पाठमोरी बसली होती. त्या दिवसापासून त्याने त्या खोलीतलं काम बाहेरूनच, दाराशी उभं राहून करायला सुरुवात केली.

५

घरी हे बायकोच्या लक्षात माझ्याआधी आलं. बायका पाण्याचा हिशेब खात्यापेक्षा चांगला ठेवतात.

"पोरगी पाणी पीत नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, ऑफिसात पीत असेल. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की चाळीस वर्षांच्या संसारात तसं तिने कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी जेवताना तिने भाचीच्या पानाशी पेला भरून ठेवला आणि समोर बसून राहिली. भाची जेवली, म्हणजे कोरडं कोरडं तेवढं खाल्लं. आमटीची वाटी तिने बोटाने लांब सरकवली. अख्खं जेवण संपेपर्यंत एकदाही उठली नाही. लहानपणी हिला एका जागी बसवायला आम्ही काय काय आमिषं दाखवली होती, आणि आता ती एखाद्या ठेवलेल्या वस्तूसारखी बसली होती, तर मला जेवण जाईना.

"पाणी घे," बायको म्हणाली.

"नको, मामी."

"का नको?"

"ओलं राहिलं की लवकर संपतं." समजूत काढल्यासारखं, मायेने म्हणाली. "मामी, तूसुद्धा कमी पीत जा."

बायकोने तिच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि पेला ओठांशी नेला. भाचीने ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून ओघळलं. ते कपड्यांवर पडलंच नाही. बायको पुढे म्हणाली की पडलं, मला दिसलं नाही. मी जे पाहिलं ते असं, की पाणी गळ्यापर्यंत गेलं आणि त्वचेत मुरलं, तापलेल्या मातीत मुरतं तसं. भाचीने लगेच तिथे हात फिरवला आणि चेहरा केला, पोळल्यासारखा.

बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मला म्हणाली, उद्या डॉक्टर. मी म्हटलं, उद्या सुट्टी आहे, परवा. हे मी म्हटलं. नियमात सुट्टी होती.

६

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिची खोली रिकामी होती. अंथरूण घडी केलेलं. बायकोने मला चप्पल घालेपर्यंतही दम धरू दिला नाही.

बँकेच्या फाटकावर पहारेकरी उन्हात खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, बाई उजाडल्यापासून आत आहेत, फार मेहनती. मी आत गेलो. सुट्टीच्या दिवशी ऑफिस कसं दिसतं हे मला नवीन नाही. खुर्च्या आपापसांत काही बोलत असाव्यात आणि आपण आल्यावर गप्प झाल्या असाव्यात, असं वाटतं. त्याची मला भीती नाही. पण माझ्या टेबलाजवळची बादली काठोकाठ भरली होती, आणि नळीतून ठिबकणं नव्हतं, धार होती. बारीक, सलग.

मी काचेपाशी गेलो.

भाची स्टुलावर बसली होती, अर्धवट पाठमोरी. उजवा हात बाजूला पुढे केलेला, डॉक्टरला नाडी दाखवावी तसा. हाताचा पंजा दोन मांडण्यांच्या मधल्या फटीत गेला होता. तिथे उजेड कमी होता. तिथे कापडी पिशव्या टांगलेल्या असतात, आणि मला आधी ती एक पिशवीच वाटली, मळकट, बारीकशी. मग मला तिच्यावर भांग दिसला. विरळ केसांतला, सरळ, कोरडा भांग.

ते डोकं भाचीच्या हातावर वाकलेलं होतं. दोरा तोडायला माणूस वाकतो तसं. ते किंचित हललं. भाचीची करंगळी वाकली.

डोक्याने नकाराची मान हलवली. अगदी सावकाश.

ती पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. पण भाचीचे ओठ मला दिसत होते, आणि त्या फुटलेल्या ओठांनी ती काय म्हणाली ते वाचायला मला काही कष्ट पडले नाहीत. "अजून?" असं तिने विचारलं. नाराज होऊन नाही. निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखं.

मग तिने दुसरं बोट पुढे केलं.

मी किती जवळ उभा होतो हे मला माझ्याच श्वासावरून कळलं. काच धुरकट झाली. मी बाहीने घाईघाईने पुसली, आणि तेवढ्यात फटीत फक्त अंधार उरला होता आणि टांगलेली एक पिशवी. पण भाचीने मान वळवली होती आणि ती काचेवरच्या ओल्या डागाकडे बघत होती. माझ्याकडे नाही. डागाकडे.

मी दार ओढलं.

"मामा, दार लाव," ती म्हणाली. "ओल आत येते."

७

तिला उचललं. मला पाकिटांची पेटी उचलताना कंबर धरते, पण तिला उचलताना काहीच झालं नाही. रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा उचलावा तसं. कपड्यांतून नुसती सळसळ ऐकू आली. बाहेर आणून तिला माझ्या खुर्चीत बसवलं, पहारेकऱ्याला गाडी आणायला पिटाळलं, आणि मग मी ते केलं. एका वाणाचा जगातून कायमचा निकाल लावायला माझ्यासारखा माणूस पुरला. झाडं शेवटच्या तोड्यानंतर उपटून टाकली होती, जुनं बी सगळं पेरून संपलं होतं. उरला होता तो ट्रे. मी आत गेलो, फटीकडे न बघता तो उचलला, बाहेर आणला आणि बादलीत पालथा केला.

बी काही वेळ पाण्यावर तरंगलं. मग एकेक करून भिजून खाली बसू लागलं. भाची बघत होती. तिच्या घशातून एक आवाज आला, सुकलेलं पान चुरगळावं तसा. ती रडत होती, पण त्यासाठी लागतं ते तिच्यात शिल्लक नव्हतं. मला तेव्हा सुचलं, की हे बादलीतलं पाणी कुणाचं आहे. मी ओंजळ भरली आणि तिच्या डोक्यावर ओतली, मग तोंडावर, मग हातांवर. आमची सगळी फरशी भिजली. आत यंत्र गुरगुरत होतं. त्या गुरगुरण्याच्या खाली, भिंतीपलीकडे, कुणीतरी ट्रेच्या रिकाम्या जागेवर हात फिरवून चाचपत होतं. तो हाताचाच आवाज होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पत्रा आकसतो.

दवाखान्यात तिला बाटल्यांमागून बाटल्या लावल्या. डॉक्टर तरुण होता. त्याने बायकोला बाजूला घेऊन रागाने विचारलं, की घरात कुणाचं लक्ष नव्हतं का. बायको म्हणाली, लक्ष होतं, सुट्टी होती. माझ्याकडे बघून म्हणाली.

काही दिवसांनी भाची उठून बसली. मग उभी राहिली. मग खाटेवर थांबेना. नर्सबाई वैतागल्या, ही सारखी कुठे जाते म्हणून, आणि बायको दाराबाहेर जाऊन तोंडाला पदर लावून हसून आली.

एका संध्याकाळी भाचीने विचारलं, "दुसरं पाकीट, मामा? पाठवलं होतंस?"

"पेटी भरली नव्हती," मी म्हटलं. "तेही त्याच बादलीत टाकलं."

ती खिडकीकडे बघत राहिली. "मग ओठफाडी संपली," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चांगलं घळाघळा. कुणाच्या रडण्याने मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही.

८

पाकीट माझ्याकडे आहे.

त्या दिवशी गाडी येईपर्यंत मी खण उघडला होता. पाकीट हातात घेतलं होतं, बादली समोर होती. पण जन्मात मी एकही कार्यालयीन प्रत नष्ट केलेली नाही. वरिष्ठ ओरडले, छपरातून पाणी गळलं, दप्तर वाळवीने खाल्लं, पण प्रत मी राखली. हात पुढे होईना. मी ते खिशात घातलं, घरी आणलं आणि कपाटात हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवून दिलं. म्हटलं, कोण उघडणार आहे.

भाची आता दुसऱ्या शहरात असते. भोपळ्यांचा विभाग मागून घेतलाय. फोनवर बोलताना ती चालत असते, हे तिच्या श्वासावरून कळतं. बायको रोज विचारते, पाणी प्यायलीस का, आणि ती वैतागून हो म्हणते. ऐकायला फार गोड वाटतं.

मला हल्ली पाण्याची चव लागत नाही. बायको पेला आणून ठेवते, मी नंतर पितो म्हणतो. वयाने असं होतं, मी वाचलंय. ओठांना ती तूप लावायला सांगते. दुपारी मी खाटेवर पडतो तेव्हा डावा हात कडेवरून खाली सुटतो, आणि डोळा लागता लागता कुणीतरी करंगळी धरतं. अगदी हलकेच. दातांच्या दोन ओळींमध्ये. स्वयंपाकघरातून बायकोच्या भांड्यांचा आवाज येत असतो, त्यामुळे ती नव्हे. मांजर म्हणावं, तर आमच्याकडे मांजर नाही. मी डोळे उघडत नाही. बोट वाकतं. मग खाटेखालून कापड घासल्यासारखा आवाज येतो. कुणी मान हलवली तर होईल तेवढा.

पाकीट पाण्यात टाकायला मी दोनदा उठलो. दोनदा परत येऊन पडलो. कारण मी हिशेबी माणूस आहे आणि हा हिशेब मला जमतो. ते पाण्यात गेलं, तर चाचपणारा हात पुन्हा रिकाम्या जागेवर फिरेल, आणि मग ज्या हाताने मूठ उचलली होती तो हात शोधायला निघेल. ते इथे आहे, तोवर ती म्हातारीही इथे आहे. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यात ओल अशी राहिलीच आहे किती. पण जितकी आहे तितके दिवस पोरीला मिळतील, म्हणून कालपासून मी चव नसताना पाणी पिऊ लागलो आहे. पेल्यामागून पेला. बायको खूश आहे. म्हणते, एकदाचं माझं ऐकलंत.

ते कुठे जातं कळत नाही. कपाटाखाली आज सकाळी थोडी फरशी ओली होती.

आज जेवण झालं, बायको आत आवरते आहे. हे मी खाटेवर बसून उजव्या हाताने लिहितो आहे. डावा खाली सोडलेला आहे. आत्ता करंगळी धरली आहे. रोजच्यासारखी हलकेच, मग जरा जोर. मी वाट बघतो आहे ती वाकायची.

कट.